बिनकानाचा कप

गोदूबाई दाराशी पायपुसण्यावर बसून चहा पीत होती आणि तिच्या हातात माझा बो होता. तू माझ्या खांद्यावर होतीस, सहा महिन्यांची, दूध पिऊन जड झालेली, आणि तुझ्या तोंडातली लाळ माझ्या गळ्यावरून खाली ओघळत चालली होती. तुला पाळण्यात टाकावं आणि घटकाभर पडावं, एवढ्याच विचारानं मी बाहेरच्या खोलीतून चालले होते. आधी नुसता निळा रंग दिसला. मग त्या निळ्यावर गोदूबाईची बोटं दिसली, आमची भांडी राखेनं घासून टोकांशी पांढरी पडलेली, आणि मग वाफ. बो म्हणजे लंडनच्या वेशीवरचा एक कारखाना, कधीचाच बंद पडलेला. तिथं सतराशे साठच्या आसपास कुणीतरी हा चिनी मातीचा कप घडवला आणि दुसऱ्या कुणीतरी त्यावर निळ्या रंगानं एक बेट काढलं, बेटावर झोपडी, वाकलेलं झाड, आणि होडीत बसलेला एक माणूस. त्या काळी तिकडे चहाच्या कपांना बहुधा कान नसायचे. आपण वाटी धरतो तसा तळव्यात धरायचा. दोनशे तीस वर्षांत त्याला तडा गेला नव्हता, आणि आता त्यात आमच्या घरचा, आलं ठेचून घातलेला, कडकडीत चहा होता.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते तुला खरंच सांगायला हवं. मला तो हिसकावून घ्यायचा होता. माझा मोकळा हात पुढे झालासुद्धा. “गोदूबाई, हळू,” मी म्हटलं. तिनं वर पाहिलं. “काय हळू? चा सांडला का काय?” मग कप जरा वर धरून ती म्हणाली, “याला कानच न्हाय बघा. पन चा बराच वेळ गरम ऱ्हातो. माज्या त्या कपापरीस बरा हाय. म्हातारबाईनी दिला.” तिचा कप म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांत बाहेरच्या बाजूला ठेवलेला, पिवळ्या फुलांचा, कान अर्धा तुटलेला कप. सासूबाई गिरगावातून आमच्याकडे राहायला आल्या त्याच आठवड्यात तो तिथं गेला होता, आणि त्याला आता दोन वर्षं होत आली होती. मी तो रोज पाहत होते. चहा ओतताना खिडकीतून हात बाहेर काढून त्यात ओतत होते. माझ्या शोकेसमधल्या चार नगांच्या बुडाला काय खूण आहे, झिलईत कुठे बुडबुडा आहे, हे डोळे मिटून सांगणारी मी, त्या पाचव्या नगाकडे दोन वर्षांत एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं त्या पत्रानं झालं, आणि पत्र मीच मागवलं होतं. कपाची चित्रं काढून, तुझ्या बाबांच्या, यतीनच्या, बँकेतल्या एकाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून, वजन, उंची, बुडावरचा निळा चारचा आकडा, सगळं लिहून मी इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाला पाठवलं होतं. उत्तर येईल असं तुझ्या बाबांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. पण सात महिन्यांनी ते निळं आंतरदेशीय, म्हणजे परदेशीयच, आलं, आणि यतीन इतका हरखला की रविवारी जेवताना त्यानं ते सगळ्यांसमोर मराठीत करून वाचायला घेतलं. तो वाचत होता आणि माझ्याकडे असा बघत होता, जणू माझा बोर्डात नंबर आला होता. “प्रिय बाई, तुमची चित्रं फार काळजीपूर्वक काढलेली आहेत. हा नग बो कारखान्याचाच आहे याबद्दल मला शंका नाही. हे चित्र फारसं आढळत नाही, माझ्या माहितीत असे तीनच आहेत.” इथं त्यानं थांबून आमटी ओरपली. “आकडा रंगवणाऱ्या कारागिराचा असावा. या कारखान्याच्या मातीत हाडांची राख मिसळत, निम्म्याच्या आसपास, त्यामुळे तो हाताला जड लागतो.” आणि मग पुढचं वाक्य तो वाचू लागला, पण सासूबाईंनी घास ताटात परत ठेवला होता.

“हाडं कसली?”

“गुरांची असतील, आई. भाजून, कुटून, चाळून. राखच ती. त्याला आता काय.”

“आणि ती माझ्या देवांच्या खाली.”

आमचं एकच शोकेस. वरच्या खणात देव, मधल्यात माझे चार नग, खालच्यात टीव्ही. बो, वूस्टरची एक बशी, झाकण हरवलेली लिव्हरपूलची किटली, आणि एक ताटली, जिचा कारखाना मला अजून ठरवता आलेला नाही. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत कधी. तुला तेल लावून पायांवर घालून न्हाऊ घालताना त्यांचे हात जसे चालतात, न घाई, न उशीर, तसं त्या बोलतात. “गुरुवारी पोरीचं उष्टावण आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या तोंडात पहिलं अन्न जायच्या आत ते घरातून जाऊ दे.” यतीननं हसून बाजू सावरायला घेतली, “आई, तुझ्या लोणच्याच्या बरण्या कसल्या आहेत मग?” “बरणीत हाडं नसतात,” त्या म्हणाल्या, आणि उठून हात धुवायला गेल्या. ताटात भात तसाच होता. मी त्यांना दोन वर्षांत अन्न टाकताना पाहिलं नव्हतं.

वाळत घातलेल्या तुझ्या दुपट्यांच्या आड, गॅलरीत, यतीननं मला तोड सांगितली. त्याची तोड इतकी साधी होती की मला अजून तिचा राग येत नाही. “सांगून टाक तिला, मी पत्र चुकीचं वाचलं. हा दुसऱ्या कारखान्याचा आहे म्हणावं. काय तो तुझा, चंद्रकोरवाला?”

“वूस्टर.”

“त्याच्यात काय घालतात?”

“शंखजिरं.”

“मग झालं तर. शंखजिरं आईला चालेल. तिच्या औषधाच्या डब्यातही असेल.”

“पण हा वूस्टर नाही.”

“ते तुला माहीत, मला माहीत आणि त्या गोऱ्याला माहीत. आई थोडीच जाणारे तिकडे विचारायला. ममता, एक शब्द बदलायचाय. कप राहतो, आई राहते, गुरुवार राहतो.” तो दुपट्याचा चिमटा उगाच उघडझाप करत होता. खाली टँकरभोवती बादल्यांची रांग लागली होती, आणि मला आठवतं, मी त्या बादल्या मोजत होते, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

वूस्टरची बशी उलटी केली की बुडाला निळी चंद्रकोर असते. माझी आई लावायची तशी, बारीक, उघडी. उजेडासमोर धरली तर तिच्यातून किंचित हिरवट झाक येते, कोवळ्या भेंडीच्या आतल्या बाजूसारखी. बोमधून तसा उजेड येत नाही. तो जड आहे, त्याची झिलई काठाशी जाडसर साठलेली आहे, बुडाशी तपकिरी डाग आहेत. न पाहता, नुसता तळवा लावून मी सांगू शकते की हा तो नव्हे. एवढं एकच मला येतं. शिवण मला येत नाही, माझ्या करंज्या तळताना फुटतात, तुला शांत करायलाही सासूबाईच लागतात. पण हे मला येतं, आणि ते मला नानांनी दिलं. माझे वडील, तुझे आजोबा पंढरीनाथ, एकतीस वर्षं शहरातल्या एका संग्रहालयात पहारेकरी होते, चिनी मातीच्या दालनात. रत्नागिरीकडून आलेला सातवी पास माणूस. सोमवारी दालन बंद असे तेव्हा दाढीच्या जुन्या ब्रशानं ते एकेक ताटली झटकत. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायची आणि हात पाठीमागे बांधून त्यांच्या मागून फिरायची. “बघायचं डोळ्यांनी,” ते म्हणायचे, “आणि लक्षात ठेवायचं बोटांनी,” आणि मग इकडेतिकडे बघून एखादी बशी क्षणभर माझ्या तळव्यावर ठेवायचे. एकदा सफाईनंतर दोन ताटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. नानांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, तुझं काम पुसायचं. नानांनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि एका संध्याकाळी दालन बंद करताना चिठ्ठ्या स्वतःच बदलल्या. त्याबद्दल मेमो मिळाला. तो त्यांनी घरी आणून आईला वाचून दाखवला. त्यात त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, टाइप केलेलं होतं. आई रडली आणि नाना जेवायला बसले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि त्या ताटल्यांचं काय झालं एवढंच मला विचारायचं होतं.

लग्न होऊन मी इथं भाईंदरला आले तेव्हा या बाजूला मिठागरं होती, अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगी होत्या, आणि भंगारवाले होते. कुणाचा जुना बंगला पाडला, कुणी उत्तनचं घर विकून गेलं, की सामान भाईंदरच्या भंगारात यायचं. दुपारी मी भाजीच्या पिशवीसकट तिथं जायची. बो सापडला तेव्हा त्यात नटबोल्ट होते. तेलकट, काळा, कडेवर ग्रीसचा थर. मी तो उचलला आणि हातानं ओळखलं, डोळ्यांना अजून काही दिसत नव्हतं. “ये कटोरी दे दो,” मी म्हटलं. भंगारवाला प्रामाणिक होता. “भाभी, रहने दो, उसका कान टूटेला है.” “उसको कान था ही नहीं,” मी म्हटलं, आणि तो माझ्याकडे बघत राहिला, हिच्या डोक्यात काहीतरी कमी आहे अशा दयेनं. मोरीचा जुना पितळी नळ देऊन मी तो आणला. तीन दिवस साबणाच्या पाण्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी होडीतला माणूस वर आला, बोटभर पाण्यात बसलेला, हातात वल्हं. त्या चितारणाऱ्यानं चीन कधी पाहिला नसणार. त्यानं दुसऱ्या कुणीतरी काढलेला चीन पाहून आपला चीन काढला होता, आणि झोपडीची शिडी पाण्यातच सोडून दिली होती. मी तेव्हा दिवसचे दिवस कुणाशी बोलत नसे. शेजारी हिंदी, गुजराती, आणि माझी जीभ जड. त्या माणसाशी मी बोलायची. लाज कसली त्यात. तुझ्या आधी या घरात मी कुणाला अंघोळ घातली असेल तर त्याला.

तर तो कप गोदूबाईच्या हातात होता आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “तिला काय,” त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या, “त्यांच्यात चालतं. फेकून द्यायचं तुझ्या जिवावर आलं असतं, म्हणून म्हटलं राहू दे तिच्यासाठी. बाहेरच राहील गजात.” त्यात खोट नव्हती. त्यांनी खरंच मधला मार्ग काढला होता, माझ्यासाठी. गोदूबाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. “काय चालतं आमच्यात?”

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? या कपाच्या मातीत हाडांची राख आहे, गुरांची, म्हणून तो देवांखाली चालत नाही. गोदूबाई मोठ्यानं हसली. “हाडांचा मना काय. आमी बोंबलाचा काटाबी सोडत न्हाय.” मग हसू हळूहळू उतरलं, दूध उतू जाता जाता गॅस बंद केल्यावर बसतं तसं. “म्हंजे तुमाला चालत न्हाय म्हनून मना दिला.” तुला उचकी लागली. गोदूबाईनं राहिलेला चहा शांतपणे संपवला, उठली, मोरीत जाऊन कप धुतला, माझ्यापेक्षाही जपून, आणि ओट्यावर फडकं अंथरून त्यावर उपडा घातला. “ही बिल्डिंग हाय ना,” ती फडक्याला हात पुसत म्हणाली, “इथं आमचा भात व्हायचा. माजी सासू याच जागेवर बसून जेवायची. उद्यापासून चा नको मना.” चपला घालून ती गेली. आणि ती जिना उतरत असताना मी काय केलं? मी कप उचलून काठावरून बोट फिरवलं. टवका उडालेला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला अजून किळस येते, अगदी तुला मांडीवर घेऊन हे लिहिताना, तुझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत असतानासुद्धा.

त्या दुपारी माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतत गेल्या, आणि मला त्या सोडवता येईनात. यतीन म्हणतो तसं वूस्टर म्हटलं, तर कप वर शोकेसमध्ये जाणार होता आणि गोदूबाईचा चहा परत त्या कानतुटक्यात. सगळं जिथल्या तिथं. माझ्या एका खोट्या शब्दानं दोन्ही कप आपापल्या जागी बसणार होते, आणि त्या जागांना हात लागणार नव्हता. म्हणजे खोटं मला शोभत नाही एवढंच नव्हतं ते. मी इतकी वर्षं वस्तू ओळखण्याचा गर्व केला आणि घरातली सगळ्यांत उघडी खूण, गजातला तो कप, मला वाचता आली नव्हती. नानांना आली असती का? नाना स्वतः संग्रहालयात शिपायांच्या वेगळ्या माठातलं पाणी प्यायचे. ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीच पाहिलं होतं, नऊ वर्षांची असताना, आणि तहान लागूनही पाणी मागितलं नव्हतं. हे मला बुधवारी, तुझे लंगोट पिळताना आठवलं. हात तसेच थांबले. मग मी हात पुसले, तुला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, आणि एक जाड पांढरा कागद पोस्टकार्डाएवढा कापून, नानांसारख्या उभ्या अक्षरात लिहिलं:

बो, लंडन. इ. स. १७६०च्या सुमारास. चहाचा कप, बिनकानाचा. माती आणि गुरांच्या हाडांची राख. निळं चित्र हातानं काढलेलं.

कप मधल्या खणात ठेवला, कार्ड त्याला टेकवून उभं केलं. पिवळ्या फुलांचा कप गजातून काढला, फडक्यात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. सासूबाई तुला थोपटत बघत होत्या. “हे काय लिहिलंयस?”

“जे आहे ते.”

“उद्या लोक येणारेत.”

“वाचू देत.”

“मी असताना?”

“तुम्ही असायला हव्यात, आई. तिला तुमच्याशिवाय झोप येत नाही.” हे मी डिवचायला म्हटलं नव्हतं. ते खरं होतं, आणि त्यांना कळलं की ते खरं आहे. गुरुवारी सकाळी मी उठले तेव्हा वरचा खण रिकामा होता. देव स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर, पाटावर लाल वस्त्र घालून मांडलेले होते आणि त्यांच्यापुढे समई लागलेली होती. त्यांनीही आपलं केलं होतं. यतीन दोन्ही खणांकडे बघून म्हणाला, “वा. फाळणी झाली,” आणि दाढी करायला गेला.

तुझं उष्टावण छान झालं. मला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी नाना बसले, कोट घालून. चांदीच्या वाटीतली खीर त्यांनी सोन्याच्या अंगठीवर घेऊन तुझ्या ओठांना लावली आणि तू तोंड असं केलंस, जणू तुझ्यावर कुणीतरी अन्याय केला होता. सगळे हसले. सासूबाई सगळ्यांत आधी हसल्या आणि पदरानं तुझं तोंड पुसलं. गोदूबाई भांड्यांसाठी आली होती, मागच्या मागे, कुणाशी न बोलता. चहा झाला. लग्नात आलेले पांढरे बारा कप, सगळे एकसारखे, कडेला बारीक तपकिरी रेघ. मी ट्रे घेऊन मोरीशी गेले. “सांगितलंय ना मी, चा नको,” गोदूबाई हात न थांबवता म्हणाली. मी तशीच उभी राहिले. ट्रे जड होता, कप एकमेकांना लागून किणकिणायला लागले. तिनं नजर वर करून गजाकडे पाहिलं. गज रिकामा होता. मग ट्रेकडे पाहिलं. हात पुसले आणि मधला एक उचलला, न निवडता. कप घेऊन ती सरळ बाहेरच्या खोलीत आली, शोकेससमोर उभी राहिली, आणि नानांना म्हणाली, “आजोबा, काय लिवलंय ह्याच्यावर?”

नानांनी चष्मा लावला. दालनात शाळेच्या सहली यायच्या तेव्हा ते ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात त्यांनी सगळं वाचलं. हाडांची राख हे शब्दही तेवढ्याच मोठ्यानं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती भाभींनी कप तोंडापासून दूर धरला. “ममताबेन, हमारे वाले में तो नहीं है ना?”

“नहीं भाभी, ये तो बाजार के हैं.”

“तब ठीक,” त्या म्हणाल्या, आणि तरी त्यांनी कप खाली ठेवला. यतीनच्या आत्यानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तुझ्या टोपड्याचा बंद बांधत होत्या. पुन्हा पुन्हा तोच बंद. नाना पुढे वाकून कार्डाकडे बघत होते. “सुमारास लिहिलंस ते बरं केलंस,” ते हळूच म्हणाले. “नक्की साल लिहायचं नाही कधी.” गोदूबाई उभ्या उभ्या, सावकाश, पूर्ण कप प्यायली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचं काहीतरी झालं असतं, उपकारासारखं, आणि तेवढं मला टाळायचं होतं.

सगळे गेले. गोदूबाईनं कप धुऊन जाळीवर उपडे घातले आणि तीही गेली, “येते” एवढं म्हणून. येते म्हणाली, तेवढं मी धरून ठेवलं. तू झोपलीस. घरात खिरीचा, समईच्या तेलाचा वास होता. संध्याकाळच्या चहाची वेळ झाली होती. मी आधण ठेवलं. सासूबाई आत आल्या आणि जाळीसमोर उभ्या राहिल्या. बारा कप, पालथे, पांढरे, एकसारखे. त्यांचा हात एका कपाकडे गेला आणि थांबला. दुसऱ्याकडे गेला, तिथंही थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या दिसल्या, आणि मला त्यांची माया आली. खरंच आली. त्यांच्या खांद्यावर तुझ्या खिरीचा वाळलेला डाग होता. मला वाटलं, एक शब्द, आणि ही बाई सुखानं चहा पिईल. कारण मला माहीत होतं. कारखान्यातून एकसारखे निघाले म्हणून कप एकसारखे नसतात. गोदूबाईनं उचलला त्याच्या कानाखाली भट्टीत बसलेला एक काळा ठिपका आहे, मोहरीच्या टोकाएवढा, आणि तो आता डावीकडून तिसरा होता.

“तिचा कोणता होता?” त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, जाळीला.

चहा वर आला. मी गॅस बारीक केला.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “पण सांगणार नाही.”